टेकडीवरून आलेलं उत्तर

“मग एवढ्याशा जागेत ते मावतं कसं?” मकरंदने दुसऱ्यांदा विचारलं.

भंते रेवत जिन्याखालच्या खिळ्याकडे पाहत होते. खिळ्याला साबणाची प्लास्टिकची डबी टांगलेली होती. तिच्या भोकांतून आतला हिरवा बोर्ड दिसत होता, तळहाताहूनही लहान. डबीभोवती भिंतीवर खडूची जाड रेघ ओढलेली होती, मुंग्या येऊ नयेत म्हणून.

“मावत नाही,” भंते म्हणाले.

“पण चालतंय.”

“चालतंय.”

मकरंद टिपणीस दोन दिवस गाडी चालवत पुण्याहून आला होता. बोडीटोल्याच्या टेकडीवरचं हे विहार म्हणजे दोन खोल्या, एक बुद्धमूर्ती, एक टाकी आणि छपरावर तालुक्याच्या दिशेला तोंड केलेला अँटेना. खालच्या तीन पाड्यांना जे काही इंटरनेट मिळे, ते इथून मिळे.

“महाराज, तुम्हाला कल्पना आहे का…”

“महाराज नाही. भंते म्हणतात. नाहीतर लाइनमन म्हणा. टेलिफोन खात्यात तीस वर्षं तेच ऐकलं.”

मकरंद हसला नाही.

“भंतेजी, त्या डबीत जो प्रोग्राम चालतोय, तो मी लिहिलेला आहे.”

“हो का? मग बसा ना.”

तो बसला नाही. उभ्याउभ्याच सांगू लागला, वर्गात सांगावं तसं. लाइन बारीक असली की तिच्या दोन टोकांना दोन यंत्रं ठेवायची. एकदा इकडून तिकडे जे गेलं, ते दोन्ही यंत्रांनी लक्षात ठेवायचं. तेच, किंवा त्यातला एखादा तुकडा, पुन्हा पाठवायची वेळ आली, की सगळं पाठवायचं नाही, नुसती खूण पाठवायची. पलीकडचं यंत्र खुणेवरून ओळखतं आणि आपल्याजवळचं काढून देतं. बारीक लाइन मग रुंद वाटते.

“पण लक्षात ठेवायला जागा लागते,” तो म्हणाला. “माझ्या घरचं यंत्र कपाटाएवढं आहे. तुमच्या या बोर्डात मोबाइलात असते तसली एआरएम चिप आहे. मुलं खेळण्यात घालतात असला बोर्ड. यावर तो चालूच शकत नाही. मी पैजेवर सांगितलं असतं.”

“मी थोडी काटछाट केली.”

“कशात?”

“जागा संपली की विसरायला शिकवलं. जे फार दिवसांत कुणी मागितलं नाही, ते आधी जातं.”

मकरंद हळू म्हणाला, “माझा प्रोग्राम काहीच विसरत नाही. त्याचं नाव झालं ते त्यासाठीच.”

“तुमच्याकडे जागा असेल.”

…

“तुम्ही काटछाट बघायला आलात?” भंतेंनी विचारलं.

मकरंदने खिशातून मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर एकच ओळ होती. एक नाव आणि त्याच्या शेजारी हिरवा ठिपका.

शुभदा.

“माझी बायको,” तो म्हणाला. “जंगलापलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर होती. एक यंत्र तिच्याकडे, एक माझ्याकडे. हा प्रोग्राम मी तिच्यासाठी लिहिला. तिथून एक्स-रे पाठवायला तिला पाऊण तास लागायचा. नंतर दोन मिनिटांत जायचा. संध्याकाळी आम्ही बोलायचो, तेही त्यावरच.”

“आता?”

“दोन वर्षं झाली. ताप आला. चौथ्या दिवशी गेली.”

भंतेंनी मान खाली घातली.

“तिचं यंत्र बंद झालं. ठिपका लाल झाला. माझं यंत्र मी बंद केलं नाही. ते तिला हाक मारत राहिलं. दोन वर्षं उत्तर नव्हतं.” त्याने मोबाइल पालथा केला, पुन्हा सुलटा केला. “तीन आठवड्यांपूर्वी सकाळी उठलो, तर हे हिरवं.”

…

“दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही,” तो म्हणाला. “मला माहीत होतं, काहीतरी चूक असणार. पण कुणी शोधून काढू नये असं वाटत होतं. मीसुद्धा. शेवटी पत्ता काढला. निघालं बोडीटोला.”

“म्हणजे ते तुम्ही,” भंते म्हणाले.

“काय मी?”

“आधी माझी चूक सांगतो. दवाखान्याला मोठी लाइन मिळाली, तेव्हा त्यांनी जुनं यंत्र मोडीत काढलं. भंगारवाल्याकडून त्याची डिस्क मी आणली. मावलं तेवढं या बोर्डाच्या कार्डावर घेतलं.”

“आणि ओळख? डिस्क दुसरीकडे वापरायची तर आधी तिची ओळख पुसायची असते, नाहीतर माझं यंत्र तिला शुभदाचंच समजतं. पहिल्याच पानावर लिहिलंय मी.”

“वाचलं होतं. पुसली नाही. नुसता पुण्याचा पत्ता बंद करून ठेवला. मागच्या महिन्यात बोर्ड जळला. नवा बसवताना तो पत्ता बंद करायचा राहिला.”

“नवशिक्याची चूक.”

“हो.”

“आणि तुम्हाला कळलंच नाही?”

“दुसऱ्याच दिवशी कळलं.”

“मग बंद का नाही केलात?”

अँटेनावर एक कावळा बसला होता, त्याला भंतेंनी हात करून उडवलं.

“पलीकडून कुणीतरी सारखं बोलत होतं,” ते म्हणाले. “एवढं कोण बोलतं… मध्येच कसं तोडायचं.”

साडेअकराला खालच्या गावातून डबा आला. वरण, भात, अंबाडीची भाजी. भंते भिंतीशी आसन घालून बसले. बसण्याआधी त्यांनी स्टुलावरचा छोटा पडदा आणि जुना कीबोर्ड मकरंदच्या बाजूला सरकवला.

“मी एकासनिक आहे,” ते म्हणाले. “म्हणजे दिवसातून एकदा जेवतो, एका बैठकीत. जेवताना उठलो, तर त्या दिवसाचं जेवण तिथेच संपलं. तोवर तुम्ही आकडे बघा. तुम्हाला कळतील.”

मकरंद आकडे बघू लागला.

पहिल्यांदा त्याला ते खोटे वाटले. मग त्याने ते पुन्हा काढले.

त्याच्या घरच्या यंत्रात शुभदाबरोबरच्या सहा वर्षांच्या देवघेवीचे दोन लाखांवर तुकडे होते. तीन आठवड्यांपूर्वी टेकडीवरून उत्तर आलं, तेव्हा त्या यंत्राने पलीकडे काय काय शिल्लक आहे ते विचारलं. पलीकडे जवळजवळ काहीच नव्हतं. तेव्हा ते सगळं पाठवू लागलं. पहिल्या दिवसापासूनचं. एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, संध्याकाळची बोलणी, पावसाळ्यात तुटलेली, पुन्हा जोडलेली. डबीतल्या बोर्डात ते ठेवायला जागा नव्हती. तो घेत होता आणि टाकून देत होता. पुण्याचं यंत्र पुन्हा विचारत होतं, आणि पुन्हा पहिल्यापासून पाठवत होतं.

चार वेळा सगळं पाठवून झालं होतं. पाचवी खेप चालू होती.

“पलीकडचं टोक विसरू शकतं,” मकरंद स्वतःशीच म्हणाला, “हे मी धरलंच नव्हतं.”

भंते भात कालवत होते.

“तुमची लाइन केवढी, आणि हे…” त्याने भंतेंकडे पाहिलं. “तीन आठवडे तुमच्या पाड्यांना काही मिळालं तरी का?”

“मिळालं. तुमचं मी मागच्या रांगेत ठेवलंय. आधी खालच्या उपकेंद्राची सिस्टर, मग शाळा. उरलं तर पुणे. लाइन बारीक झाली, की मागची रांगही जाचते. तेव्हा सिस्टरचा फोन येतो. मग मी पुण्याला थांबवतो. तिचं काम झालं की सोडतो.”

“हाताने?”

“हातानेच. त्या कीबोर्डवर डावीकडे, वरचं लाल बटण.”

मकरंद म्हणाला, “हे काही शास्त्रीय नाही.”

“नाही,” भंते म्हणाले, आणि वरणाचा घास घेतला.

पावणेबाराला फोन वाजला. भंतेंच्या मांडीजवळच पडला होता, जुना बटणांचा फोन. त्यांनी कोपराने स्पीकरचं बटण दाबलं.

“भंतेजी, उईके सिस्टर बोलते जी. जेवता का?”

“जेवतोय. बोला.”

“मग राहू द्या जी. काल माह्यापायी उठले अन् उपाशी राहिले. आज नको.”

“बोला सिस्टर.”

“बाळ आहे एक, तीन महिन्यांचं. छाती उडते त्याची. तालुक्याचे डॉक्टर व्हिडिओवर आहेत. श्वास मोजायचे म्हणतात, तर चित्र थांबूनच राहते. मी मोजून सांगते तर म्हणतात, मला डोळ्यांनी पाहू द्या.” तिच्या मागे कुणी बाई बोलत होती, आणि बाळाचं कण्हणं ऐकू येत होतं. “पाच मिनिटं लाइन मोकळी भेटली तर बरं होईल. पण तुम्ही उठू नका जी. आम्ही थांबतो.”

भंतेंनी मकरंदकडे पाहिलं. घास हातातच होता.

मकरंदने लाल बटणाकडे पाहिलं. मग मोबाइलकडे. शुभदाच्या नावाशेजारी हिरवा ठिपका होता.

“भंतेजी?” सिस्टर म्हणाली.

भंते उठायला हात टेकू लागले.

“तुम्ही बसा,” मकरंद म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

पडद्यावरचा एक आकडा धावता धावता थांबला. बाकीचे पुढे सरकले.

“आलं जी,” सिस्टर म्हणाली. “दिसते म्हणतात. मोजून राहिले.”

फोन चालूच होता. तिकडचं एक पूर्ण मिनिट इकडे विहारात ऐकू येत होतं. भंतेंनी घास तोंडात घातला नाही, खालीही ठेवला नाही.

“अठ्ठावन्न,” सिस्टर म्हणाली. “न्यूमोनिया म्हणतात. पहिला डोस देऊन पाठवा म्हणाले, गाडी सांगतो. आम्ही निघतो जी.”

“निघा,” भंते म्हणाले.

“तुम्ही जेवा.”

फोन बंद झाला. भंते जेवू लागले.

मकरंदचा हात अजून कीबोर्डवरच होता.

“आता पुन्हा सोडायचं का?” त्याने विचारलं.

“तुमचं आहे. तुम्ही ठरवा.”

“तुम्ही एवढे दिवस सोडत होतात.”

“पाठवणारा कोण, मला माहीत नव्हतं.”

…

मकरंदने बटणाला हात लावला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, आवाज जरा खालचा झाला होता, “तिचं यात काही राहिलंय का? सगळं नको. काहीही. तुमच्या या विसरण्यातून काही वाचलंय का?”

“यादी निघते. सगळ्यात जास्त मागितलेलं वर येतं.”

त्याने यादी काढली. शाळेच्या धड्यांची नावं होती. लसीकरणाचा फॉर्म होता. रेशन दुकानाचं पान होतं. त्या सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, एका आवाजाच्या फाइलचं नाव होतं.

आईसाठी ताप दोन.

मकरंद त्या नावाकडे बघत राहिला. शुभदा कशालाही अशीच नावं द्यायची. फ्रीजमधल्या डब्यांनासुद्धा.

“ते होय,” भंते म्हणाले. “दवाखान्याच्या जुन्या पानावर आहे. सिस्टर दर मंगळवारी बायांना ऐकवते. कोण डॉक्टरीण आहे, तिला ठाऊक नाही. पण बायांना तीच लागते. म्हणतात, ही बाई रागावत नाही.”

“घरी रागवायची,” मकरंद म्हणाला.

भंते हसले. मकरंदही हसला असावा, कारण त्याने चष्मा काढला आणि पुसत बसला.

“हे तिनं मला पाठवलं होतं,” तो म्हणाला. “पहिल्यांदा मलाच. ऐकून सांग म्हणाली होती, बायांना समजेल का. मी…” त्याने चष्मा पुन्हा लावला. “मी ती फाइल किती बारीक होऊन गेली तेवढं पाहिलं. तिला तेच कळवलं. शंभरात तीनच तुकडे पाठवावे लागले, असं. खूश होतो. ऐकलं नाही.”

भंते पाणी प्यायले. भांडं खाली ठेवलं.

“ऐकायचंय?”

मकरंदने मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही कळलं नसावं. भंते बसूनच होते. त्याने स्वतःच फाइल उघडली.

आधी एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग शुभदा बोलू लागली. सावकाश, मध्येमध्ये थांबत, समोर कुणी बसलेलं असावं तशी. बाळाला ताप आला तर घाबरायचं नाही. अंगावरचे कपडे सैल करा. ओल्या फडक्याने अंग पुसा, थंडगार पाण्याने नको, साध्या. अंगावर पीत असेल तर पाजत राहा. ते प्यायचं थांबलं, किंवा छाती जोरात उडू लागली, तर वाट बघू नका. रात्र असली तरी निघा. कुणी रागावणार नाही. मी सांगितलंय म्हणून सांगा.

दोन मिनिटं चाळीस सेकंद. शेवटी पुन्हा खुर्ची सरकली.

विहाराबाहेर मोहाच्या झाडाखाली कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत राहिल्या.

“आमचं संध्याकाळचं बोलणं,” मकरंद म्हणाला, “ते यात एकही नाही.”

“नाही.”

“सहा वर्षांचं होतं.”

“ते इथे कुणी मागितलं नाही.”

हे लागलं. मकरंद एकदम म्हणाला, “मी मागतोय ना. मी तेच तर मागतोय, दोन वर्षं…”

भंतेंनी पात्रातलं शेवटचं शीत बोटाने पुसून घेतलं.

…

“तुम्हाला वाटत असेल,” मकरंद थोड्या वेळाने म्हणाला, “एवढा शिकलेला माणूस. त्याला कळू नये का, की पलीकडे कोणी नाही. मला कळत होतं. पहिल्या दिवशीही कळत होतं. पण पाठवायला घेतलंय कुणीतरी, हे बघत बसावंसं वाटायचं. आकडा पुढे सरकायचा. ऑफिसातूनही मी तो बघायचो. वाटायचं, पोचतंय.”

“पोचत होतं,” भंते म्हणाले. “ठेवायला जागा नव्हती.”

मकरंदने कीबोर्ड जवळ ओढला. पुण्याचा पत्ता काढायला एक ओळ पुरे होती. ती त्याने लिहिली. पुढे बोट थांबलं.

“शेवटचं म्हणून एक काहीतरी पाठवू का?”

“पाठवा.”

त्याने एक शब्द लिहिला आणि पुसला. दुसरा लिहिला, तोही पुसला. मग हात मांडीवर ठेवून बसला. साडेबारा वाजून गेले. भंतेंनी आपलं पात्र धुतलं, पुसलं, उन्हात उपडं ठेवलं. परत आले तेव्हाही तो तसाच बसला होता.

“काही सुचत नाही,” तो म्हणाला. “दोन लाख तुकडे पाठवले. आता एक ओळ सुचत नाही.”

भंते त्याच्या शेजारी बसले. जमिनीवर, आसनाशिवाय.

मकरंदने काहीच पाठवलं नाही. ओळ होती तशी पुढे गेली. पत्ता निघाला. मग त्याने त्या बोर्डाला नवी ओळख दिली. नाव विचारलं गेलं तेव्हा त्याने भंतेंना विचारलं, भंते म्हणाले, बोडीटोला. त्याने बोडीटोला लिहिलं.

मांडीवरच्या मोबाइलमधला ठिपका थोडा वेळ हिरवाच राहिला. मग लाल झाला.

त्या ठिपक्याकडे तो किती वेळ पाहत होता, कुणी मोजलं नाही.

“तुमची काटछाट मला द्याल?” त्याने शेवटी विचारलं. “ती विसरायची रीत. मूळ प्रोग्राममध्ये घालायला हवी. मला सुचायला हवी होती.”

“तुमचाच प्रोग्राम आहे. घ्या.”

“शिकवाल?”

“बसा दोन दिवस. फार नाही त्यात.”

मकरंदने मान हलवली. मोबाइल खिशात ठेवला. पुन्हा काढला.

“पण घरचं यंत्र अजून चालूच आहे,” तो म्हणाला. “ते आता हाक मारत राहणार. दर अर्ध्या मिनिटाला. तसं मीच लिहिलंय. उत्तर येणार नाही. ते बंद करायचं म्हटलं तर, भंतेजी, ते मला…”

त्याने मोबाइल पालथा केला.

“बंद करा म्हणून कोण म्हणतंय?” भंते म्हणाले.

मकरंदने वर पाहिलं.

“मारू द्या हाक. उत्तर नाही आलं, तर पुढच्या हाकेआधी दर वेळी थोडं जास्त थांबायला शिकवा त्याला.”